खिडकीतून लेक दिसेल

दादाजी रंगारी कोराडीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं भांडार विभागात होते, आणि या चौतीस वर्षांत त्यांनी एकाही सप्लायरला सुखानं झोपू दिलं नाही. बोल्ट एक सूत आखूड आला तरी ट्रक गेटावरून परत. एकदा ऑर्डरीत ‘काळे’ लिहिलेले रबरी वायसर करडे आले, तेव्हा साहेब म्हणाले, "रंगारी, जाऊ द्या ना गा. मशीनच्या आत कोणाले रंग दिसून राहिला?" दादाजी म्हणाले, "मशीनले नाही दिसत साहेब, मले दिसते." वायसर गेले परत. तक्रारीचा कागद लिहायची त्यांची एक रीत होती आणि ती त्यांनी हाताखालच्या प्रत्येकाकडून घोटून घेतली होती. ऑर्डरीत जो शब्द, तोच तक्रारीत. आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही, कारण घातला की सप्लायर त्याच शब्दाला लटकून पलीकडं उतरतो. रीत चांगलीच होती. पुढचा सगळा घोळ तिच्यामुळंच झाला, ही गोष्ट वेगळी.

रिटायर झाल्यावर त्यांनी कोराडी रोडला दोन खोल्या बांधल्या. भीमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कॉलनीच्या क्वार्टरात तीस वर्षं रोज दोनदा खिडकीवरची राख पुसली होती. नव्या घरात राख कमी होती, पण स्वयंपाकघराच्या खिडकीला लागूनच शेजाऱ्याची भिंत उभी राहिली. त्या दिवशी भीमाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "एक डाव तरी खिडकीतून पाणी दिसावं बाप्पा." बस, एवढंच. भीमाबाई काही मागणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यामुळं दादाजींनी ते मनावर घेतलं.

घरातली दुसरी गोष्टही इथंच सांगून टाकलेली बरी. त्यांना एकच लेक, प्रीती. बँकेत पक्की नोकरी लागली होती तिला. दादाजींचे वडील कोळशाच्या वॅगनी रिकाम्या करायचे, आणि नात पंख्याखाली बसून सही करायची, यापेक्षा मोठं या घरात काही झालं नव्हतं. ती नोकरी सोडून प्रीती पुण्याला केक करायला गेली. दादाजी म्हणाले, "बाबासाहेबानं हाती पेन दिला, अन् तू झारा घेतला. आता मले तोंड दाखवू नको." रागाच्या भरात बाप असं म्हणतोच. पण पोरगी बापाचीच. तिनं शब्दाला शब्द धरला. आईला रोज फोन करायची, पण व्हिडिओ लावला की पंख्याकडं कॅमेरा. "बाबांनी तोंड दाखवू नको म्हटलं आहे आई, आवाज ऐकवू नको असं नाही म्हटलं." तीन वर्षांत भीमाबाईंना पुण्याचा तो पंखा तोंडपाठ झाला. आणि दादाजी? फोन वाजला की ते नळ बंद आहे का पाहायला अंगणात जात. नळ नेहमी बंदच असे.

तर मे महिन्यात दादाजींनी ‘घरसफर’ नावाच्या ॲपवर चिखलदऱ्याची एक खोली हेरली. ॲप मराठीतही होतं. निसर्गछाया होमस्टे. फोटोत निळंशार पाणी, आणि खाली लिहिलेलं: ‘प्रशस्त खोली, घरगुती जेवण, खिडकीतून लेक दिसेल.’ तीन रात्रींचे नऊ हजार सहाशे रुपये आगाऊ भरले. अडीअडचणीला कोणाचा नंबर द्यायचा, असं ॲपनं विचारलं, तेव्हा भीमाबाईंनी चुलीकडूनच एक नंबर घडाघडा सांगितला. त्यांना तो एकच पाठ होता. कोणाचा, ते दादाजींनी विचारलं नाही. लिहून घेतला.

खोली खरंच प्रशस्त होती. घरगुती जेवणही होतं. खिडकी उघडली तर हातभर अंतरावर भिंत होती, बिनगिलाव्याची, इतकी जवळ की विटांवरचा भट्टीचा छाप वाचता येत होता. भिंतीवर काळी प्लॅस्टिकची टाकी.

"लेक कुठी आहे?" दादाजींनी चंपतरावांना विचारलं. चंपतराव तिथले सांभाळणारे, मोठे गोड माणूस.

"इथंच आहे जी, जवळच. धुंद आहे ना आता. वारा सुटला का सकाळी दिसते. थोडं थांबा."

थांबले. भीमाबाई पहाटे पाचला उठून, आंघोळ करून, नवं पातळ नेसून खुर्ची खिडकीशी घेऊन बसल्या. वारा सुटला. धुंद हटली. भिंत अजून स्वच्छ दिसायला लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दादाजींनी चंपतरावांना धरलं, तेव्हा त्यांनी दोघांना गच्चीवर नेलं, दादाजींना टाकीच्या चौथऱ्यावर चढवलं आणि बोट दाखवलं. "तिकडं, त्या दोन झाडांच्या मधात, चमकून राहिलं ना? तेच."

"तो टिन आहे."

"टिनाच्या मांगं आहे जी."

परतीच्या बसमध्ये अमरावती आल्यावर भीमाबाईंनी डबा उघडला. मग म्हणाल्या, "भिंत तं आपल्या घरीही होती." रागानं नाही, सहज म्हणाल्या. दादाजींना मात्र ते वाक्य आरपार लागलं. बायकोनं तीस वर्षांत एक गोष्ट मागितली, आणि त्यांनी तिला नऊ हजार सहाशे रुपये भरून शेजाऱ्याची भिंत दाखवली.

घरी पोचल्यावर हातपाय धुऊन त्यांनी पहिली तक्रार टाकली. सोबत खिडकीचे चार फोटो. दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘आपण पाठवलेल्या फोटोंवरून भिंत असल्याचे सिद्ध होते. लेक नसल्याचे सिद्ध होत नाही.’ दादाजींनी दुसरी तक्रार टाकली. उत्तर आलं: ‘जाहिरातीत लेक दिसेल असे म्हटले आहे. केव्हा दिसेल, याबाबत कोणतेही आश्वासन दिलेले नाही.’

दादाजींनी ते दोनदा वाचलं. असा सप्लायर त्यांना चौतीस वर्षांत भेटला नव्हता. खोटं कशाला बोला, मनातून त्यांना थोडा आदरच वाटला. मग त्यांनी चष्मा पुसला, कपाटातून जुना पॅड काढला, आधी कागदावर कच्चं लिहिलं आणि मग एका बोटानं ॲपवर उतरवलं. ‘तळं’ हा शब्द त्यांच्या मनात एकदा आला होता. पण ऑर्डरीत ‘तळं’ नव्हतं.

‘महोदय, खिडकीतून लेक दिसेल असे आपण स्पष्ट कळवले होते. त्यापोटी पैसेही घेतले. लेक दिसत नाही. विचारणा केली असता, लेक जवळच आहे, थोडे थांबा, असे सांगण्यात आले. आम्ही उभयतांनी तीन दिवस वाट पाहिली. माझी पत्नी पहाटेपासून खिडकीत बसून होती. तिची फार दिवसांची इच्छा होती. तिला काय उत्तर द्यावे हे मला कळत नाही. तरी लेक कोठे आहे याचा खुलासा करावा, अन्यथा पैसे परत करावेत.’

वाचून पाहिलं. एक शब्द पदरचा नव्हता. ॲपनं कळवलं की आपली तक्रार भाषांतर करून वरिष्ठांकडे पाठवण्यात आली आहे. दादाजी त्या रात्री घोरत झोपले.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. केंद्रातल्या टर्बाइननं दादाजींचे कान अर्धे नेले होते, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवरच घेत.

"दादाजी रंगारी ना? मी घरसफरच्या सुरक्षा विभागातून मिनल बोलतेय. सर, आधी तुम्ही शांत व्हा."

दादाजी शांतच होते. पेपर वाचत होते. "बोला."

"तुमची मुलगी तुम्हाला शेवटची केव्हा दिसली?"

दादाजींनी पेपर खाली ठेवला. भीमाबाई शेजारी गेल्या होत्या, घरात दुसरं कोणी नव्हतं. "तिचं काय काम तुमाले?"

"मदतच करतोय सर. केव्हा दिसली?"

"तीन वर्षं झाली."

पलीकडं टाइप केल्याचा आवाज येत राहिला. "तीन वर्षं. घरातून जाताना काही वाद झाला होता का?"

"झाला होता." विचारलं की खरं सांगायची दादाजींना खोडच होती.

"आणि मुलगी दाखवतो म्हणून तुमच्याकडून पैसे कोणी घेतले, ते नाव सांगू शकाल?"

"मॅडम, पैसे तुमी घेतले. नऊ हजार सहाशे. द्यायचे असन तं द्या, नसन तं नका देऊ. पण माणसाच्या घरात काहून घुसता?" आणि त्यांनी फोन कापला. सप्लायर अडचणीत आला की साहेबांच्या कानात घरच्या भानगडी फुंकतो, हे त्यांनी पाहिलं होतं. पण ही कंपनी इतक्या खालच्या थराला जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

संध्याकाळी भीमाबाईंचा फोन वाजला. दादाजी नळ पाहायला गेले. परत आले तर भीमाबाई त्यांच्याकडं एकटक पाहत होत्या. जेवणात वांग्याची भाजी होती, मीठ विसरलेली.

जेवण झाल्यावर दादाजींनी ॲप उघडलं. तक्रारीच्या वर लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘विषय: हरवलेली मुलगी. प्राधान्य: तातडीचे. आपत्कालीन संपर्काशी बोलणे झाले.’

दादाजींना समजायला थोडा वेळ लागला. मग एकदम समजलं. यंत्रानं लेक म्हणजे लेकच धरली होती. त्यांना हसू यायला पाहिजे होतं. ‘विषय बदला’ असं एक बटण तिथंच होतं, ते दाबलं की झालं. दाबण्याआधी त्यांनी रीतीप्रमाणे खालचा आपला मजकूर एकदा वाचून काढला.

लेक दिसत नाही. आम्ही उभयतांनी वाट पाहिली. माझी पत्नी पहाटेपासून खिडकीत बसून होती. तिला काय उत्तर द्यावे हे मला कळत नाही.

तेवढंच त्यांनी चार वेळा वाचलं. चूक सापडेना. चौतीस वर्षांत हजारभर कागद लिहिले असतील, पण असा पुरता खरा कागद आपल्या हातून कधी उतरला नव्हता, हे त्यांना कळलं. बटण तसंच राहिलं. उद्या पाहू, असं म्हणून त्यांनी फोन उशीखाली ठेवला. उद्यावर काम टाकायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात फाटक वाजलं. बाहेर एक पोरगी उभी. मे महिन्यात नागपुरात पोरी जशा निघतात तशीच, स्कार्फ डोक्यावरून नाकातोंडावरून गच्च गुंडाळलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. दादाजींना वाटलं, कुरिअरवाली.

"कोणाचं पार्सल?"

"जय भीम, बाबा."

दादाजींनी फाटकाची कडी काढली. एका हातानं निघेना, दोन्ही हातांनी काढली. तेवढ्यात भीमाबाई आतून आल्या आणि पोरीला छातीशी धरून उभ्याच राहिल्या. मग तिघंही पंख्याखाली येऊन बसले. प्रीतीनं बॅग ठेवली, काळा चष्मा काढला, पण स्कार्फ सोडला नाही. पाणी दिलं तर पेला स्कार्फच्या खालून आत नेऊन प्यायली.

"सोड ना वं ते फडकं," भीमाबाई म्हणाल्या. "घामानं भिजून राहिली."

"ऑर्डर आहे आई. अजून कोणी मागं घेतली नाही."

भीमाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. तीस वर्षं राख पुसली त्या बाईनं, कधी आवाज चढवला नाही. आता म्हणाल्या, "आयका. मले तळं नसन दिसलं तं चाललं. पण आज जर पोरगी अशीच तोंड बांधून परत गेली, तं मी तिच्यासंग जातो. तुमी बसा भिंत पाहत." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

बापलेक समोरासमोर बसले. दादाजींनी पंखा एक नंबरनं वाढवला. थोड्या वेळानं परत कमी केला. दिलेला शब्द मागं घ्यायची पद्धतच त्यांना माहीत नव्हती, भांडार विभागात ती नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. स्पीकरवर.

"सर, मिनल बोलतेय. कृपा करून फोन ठेवू नका. मी तुमची मूळ मराठी तक्रार आज स्वतः वाचली. मला एक शंका आलीय. तुमच्या तक्रारीतला लेक म्हणजे तलाव आहे की मुलगी?"

आत कपबशांचा आवाज थांबला.

"कायले विचारता?" दादाजी म्हणाले.

"कारण एका तक्रारीला आमच्याकडे एकच विषय चालतो, आणि आज शेवटचा दिवस आहे. तलाव असेल तर मी आत्ता केस रिफंडकडे पाठवते. खरं सांगते, पैसे मिळतील, जाहिरात चुकीचीच आहे. पण मुलगी असेल तर ती सापडल्याची नोंद करून केस बंद करावी लागेल. मग पुन्हा उघडत नाही, रिफंडही नाही."

चौतीस वर्षं ज्या वाक्याची दादाजींनी प्रत्येक सप्लायरकडून वाट पाहिली ते हेच होतं. ‘जाहिरात चुकीचीच आहे.’ कबुली, तोंडी का होईना. ‘तलाव’ एवढी तीन अक्षरं म्हणायची होती. पण ती म्हणायची म्हणजे पुण्याहून रात्रभर बसून आलेल्या पोरीला तोंडावर सांगायचं, की बापानं तुझ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"मुलगी," दादाजी म्हणाले.

"नक्की ना सर?"

"नक्की."

"बरं. त्या घरी पोचल्या का?"

"एक जण आली आहे. तोंड बांधून आहे."

"सर, असं चालत नाही. आमचा नियम आहे, तुम्ही चेहरा पाहून ओळख पटवायची. पाहिला का चेहरा?"

"एक मिनिट थांबा मॅडम," दादाजी म्हणाले. त्यांनी फोन टीपॉयवर ठेवला. तीन वर्षांत जे नाव त्यांनी घेतलं नव्हतं ते घेतलं.

"प्रीती. तोंड दाखव."

प्रीतीनं मानेमागची गाठ सोडली. एक वेढा काढला, दुसरा काढला. तोंड लाल झालेलं, केस चिकटलेले. हनुवटीवर बोटभर जुना डाग होता, भाजल्याचा, आता सुकून पांढरा पडलेला. भीमाबाई दारात चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे तिथंच खाली ठेवला आणि जवळ येऊन त्या डागावर बोट ठेवलं.

"हे कधी भाजलं वं?"

"भट्टीचं आहे. दोन वर्षं झाली."

दोन वर्षं रोज बोलणाऱ्या आईलाही ते माहीत नव्हतं. पंख्यात डाग दिसत नाही. दादाजींना ते पाहवेना, आणि नजर हटवताही येईना.

"सर? ओळख पटली का?"

"पटली."

"मुलगी दिसली अशी नोंद करू?"

"करा," दादाजी म्हणाले. मग फोनवर वाकून परत एकदा म्हणाले, "करा नोंद."

लगेच ॲपवर उत्तर आलं. ‘आपली लेक मिळाल्याबद्दल अभिनंदन. परताव्याची रक्कम: शून्य.’ दादाजींनी ते वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला. पण खोटा कागद पोटात ठेवून बसणारा माणूस नव्हता तो. चहाचा एक घोट घेतल्यावर त्यांच्यानं राहवलं नाही.

"प्रीती, तुले खरं सांगतो. तो लेक तळ्याचा होता. मी तळ्याचंच लिहिलं होतं."

"मले माहीत आहे बाबा. आईनं दिलेल्या नंबरवर मॅडमचा फोन आला, तिनं ते भाषांतर पुरं वाचून दाखवलं, खिडकीतून मुलगी दिसन म्हणे, तवाच समजलं. तुमी मले कधी ‘लेक’ म्हटलं? पोट्टीच म्हणत आले."

"मंग आली काहून?"

प्रीतीनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "तुमी लिहिलं ना, तीन दिवस वाट पाहिली म्हणून. तळ्याची कोणी वाट पाहते का, बाबा?"

यावर दादाजींकडं उत्तर होतं. चंपतरावांनी थांबा म्हटलं होतं, वारा सुटला की दिसते म्हटलं होतं, म्हणून थांबलो. सगळं तारीखवार सांगता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी बशी पुढं केली आणि म्हणाले, "मले पण ओत थोडा."